चार हजार फेऱ्यांच्या बाई

निमसेबाई रागावल्या की समोरच्याला 'आपण' म्हणू लागत. एरवी वर्गातल्या मुलांना त्या 'अरे गाढवा' म्हणत, आम्हा सहकाऱ्यांना 'तुम्ही' म्हणत. पण कोणी शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर उतरवलेले दिसले, की बाई हातातला खडू खाली ठेवत आणि अगदी मऊ आवाजात म्हणत, "आपण जरा उभे राहावे." शहापूरच्या आमच्या शाळेत 'गाढवा' ऐकलेली पोरे हसत घरी जात, 'आपण' ऐकलेल्यांना त्या दिवशी डबा गोड लागत नसे.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते, आणि गणिताच्या निमसेबाईंची निवृत्ती जवळ आली होती. मी स्वभावाने हळू बोलणारा. राग हा माझ्या लेखी संस्कारांतला दोष होता आणि तो आपल्यात नाही याचे मला मनातून समाधान असे. त्या समाधानाकडे मी आता संशयाने पाहतो. पण ते पुढे.

बाईंकडे गाडी होती. तालुक्यात तेव्हा बाईमाणसाने स्कूटर चालवली तरी लोक माना वळवत. बाई चालवत होत्या ती दोन माणसांची, उघड्या छपराची, गुडघ्याएवढ्या उंचीची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. त्यांचे यजमान मुंबईच्या एका कारखान्यात नकाशे काढत. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. यजमान गेले आणि गाडी बाईंकडे राहिली. पदर कमरेला खोचायचा, डोक्याला सुती रुमाल बांधून हनुवटीखाली गाठ मारायची, मनगटावरचे पुरुषी घड्याळ आतल्या बाजूला फिरवायचे, आणि मग चावी लावायची. हा क्रम कधी चुकला नाही.

त्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो तो खर्डीच्या परीक्षा केंद्रावर जाताना. महामार्गाला लागेपर्यंत सारे सुरळीत होते. पुढे बाईंनी वेग धरला आणि इंजिनाने असा सूर लावला की मला वाटले, आता काहीतरी तुटणार. समोर दोन गोल तबकड्या होत्या. एका काट्याने वेग दाखवला होता, ताशी साठ मैल. दुसरा काटा इंजिनाच्या फेऱ्यांचा. तो मिनिटाला चार हजारांच्या जवळ थरथरत होता.

"बाई," मी ओरडलो, "वरचा गियर टाकायचा राहिलाय का?"

"हाच वरचा. चौथा. याच्यावर आकाश."

"मग इंजिन एवढे का ओरडते?"

"ओरडत नाही, काम करतेय. इंजिन लहान, चाक लहान. बुटक्या माणसाला उंच माणसाबरोबर चालायचे तर पावले जास्त टाकावी लागतात की नाही? तुम्हीच बघा ना, मुख्याध्यापकांबरोबर चालताना कसे पळता." आणि त्या स्वतःच्याच विनोदावर इतक्या हसल्या की समोरून येणारा ट्रकवालाही हसला.

त्यांच्या रागाला लोकांनी एक कथा चिकटवली होती. यजमान म्हणे माळशेज घाटात गाडी कोसळून गेले आणि तेव्हापासून बाईंचे डोके फिरले. ही कथा मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या वळणांसह सांगितली. एकदा धीर करून मी बाईंनाच विचारले. "काविळीने गेले," त्या म्हणाल्या, "घरात, अंथरुणात, माझ्या हातचे पाणी पिऊन. लोकांना बाईचा राग कारणाशिवाय पचत नाही. पुरुष नुसता चहा थंड झाला म्हणून रागावतो, त्याला कोणी विचारते का, तुझे कोण मेले?"

त्यांना राग येई तो खोट्याचा, आणि काटकसरीच्या नावाखाली चाललेल्या बिघाडाचा. आमच्या भागातल्या जीपवाल्यांची तेव्हा एक सवय होती. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची. तेवढेच डिझेल वाचते. एकदा गाडी दुरुस्तीला गेलेली असताना बाई आणि मी किन्हवलीहून मुरबाडला अशाच जीपने निघालो होतो. उतार आला, ड्रायव्हरने चावी फिरवली, आणि एकदम शांतता पसरली. फक्त वारा आणि टपावरच्या कोंबड्यांच्या खुराड्याचा आवाज.

"आपण गाडी थांबवावी," बाई म्हणाल्या.

"काय झालं बाय? उलटी येते का?"

"आपले इंजिन चाकाला धरून नाही. मी उतरते."

"डिझेल काय झाडाला लागतंय का, बाय? समदेच मारतात न्यूट्रल."

बाई उतरल्या. आत दाटीवाटीने बसलेल्या बारा-चौदा माणसांसमोर पदर खोचून उतार पायी उतरू लागल्या. त्यांच्या मागे मीही उतरलो. भीतीने नव्हे, लाजेने. जीप खाली पुलाशी थांबली होती. ड्रायव्हर दार उघडून उभा. "बसा आता. उतार संपला."

"आपण पुढे व्हावे," बाई म्हणाल्या. "दातात दात नसलेल्या गाडीत मी बसत नसते." भर उन्हात आम्ही पुढल्या फाट्यापर्यंत चालत गेलो. वाटभर त्या मला समजावत होत्या: गियर असला म्हणजे इंजिन आणि चाक एकमेकांना बांधलेले असतात, चाक धावू लागले तर इंजिन त्याला मागे ओढते, न्यूट्रल म्हणजे नाते तोडून टाकणे. मला तहान लागली होती.

गुणोत्तर शिकवायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आठवीच्या वर्गाला त्या मैदानात नेत. गाडीची मागची दोन्ही चाके जॅकवर उचललेली. इंजिनाकडून मागे येणारा जो फिरता दांडा असतो त्याला खडूची एक रेघ, चाकाला एक रेघ. दोन मुली दोन चाकांपाशी. एक मुलगा पोत्यावर पालथा, दांडा बघायला. "दोघींनी बरोबर फिरवायचे हं. एक थांबली तर उत्तर खोटे येईल." चाक एकदा पूर्ण फिरे तोवर दांडा चार वेळा फिरून पाचव्या फेरीला जेमतेम लागलेला असे. "काय आले?" "चारास एक, बाई!" "आणि वरचे थोडे कुठे गेले? खाल्लेस? चार पूर्णांक आणि वर साधारण पाव. ही या गाडीची जात. जात बदलत नाही." मागच्या आसाच्या मधोमध जो फुगीर लोखंडी गोळा दिसतो, त्यात एक लहान दातेरी चाक एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, हे त्या तिथेच सांगत. गॅरेजात लहानाला पिनियन म्हणतात, मोठ्याला क्राउन. "ही दोघे कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. जोडी फुटली की दोघेही निकामी. पत्रिका बघून लग्न लावता ना? इथे दात बघतात."

निवृत्तीनंतर बाई शहापुरातच राहिल्या. मूल नव्हते. मुरबाडला दिराचा मुलगा होता, रमेश. स्वतःची जीप चालवणारा, हसतमुख आणि खरोखर प्रेमळ. काकीला डाळ-तांदूळ आणून देई, नळ गळत असेल तर दुरुस्त करी. गाडी पुढे आपल्याकडेच येणार हे त्याला ठाऊक होते आणि काकी ती चालवते याचा त्याला अभिमानही होता. त्याला एकच गोष्ट खटके, तो आवाज. "काकी, इंजिन फाटंल एक दिस. तुमी रस्त्यात अडकाल," तो म्हणे. "पन्नास वर्षे फाटले नाही," बाई म्हणत. "तुझे कान फाटलेत."

महामार्ग रुंद करायचे काम सुरू झाले त्या सुमाराला बाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन कल्याणला झाले. विश्रांतीसाठी त्या बहिणीकडे राहिल्या. तेवढ्या अवधीत रमेशने गाडी मुरबाडला मिस्त्रींच्या गॅरेजात नेली आणि काकीला चकित करण्यासाठी तिची जातच बदलून टाकली. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याच घराण्यातल्या, पण नंतरच्या गाडीची क्राउन-पिनियनची जोडी आणली. तिच्यात चाकाच्या एका फेरीला दांडा कमी वेळा फिरतो. साहजिकच त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या उतरतात, आवाज उतरतो. हमरस्त्यावर गाडी मांजरासारखी चालू लागली. रमेश खूश, मिस्त्री खूश. कोणी बाईंना सांगितले नाही, कारण ती गंमत होती.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाईंनी पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा सोबतीला मी होतो. आसनगावच्या पुढे सरळ रस्ता लागला. बाईंची मान किंचित कलली, पाठीला नळी लावून ऐकणाऱ्या डॉक्टरची कलते तशी.

"ही माझी गाडी नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, ऑपरेशननंतर कान..."

"ऑपरेशन डोळ्याचे झालेय." त्यांनी मनगटावरचे घड्याळ सोडून माझ्या हातात दिले. "काटा पन्नास मैलांवर धरते. एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत सेकंद मोजा. पंचेचाळीस यायला हवेत."

मी मोजले. चाळीसही आले नाहीत. पुन्हा मोजले. तेच.

बाईंनी गाडी कडेला घेतली. वेगाच्या तबकडीवर बोट ठेवले. मग त्यांनी मला सांगितले आणि मला ते हळूहळू उमगले: वेगाचा काटा त्या फिरत्या दांड्याच्या फेऱ्या मोजून वेग सांगतो. मागची जोडी बदलली तर दांडा कमी फिरतो, काट्याला वाटते गाडी हळू चाललीय. तो पन्नास म्हणतो तेव्हा आपण सत्तावन्नने धावत असतो. आवाज नाही, म्हणून कानालाही कळत नाही. "माझ्या गाडीला कोणीतरी खोटे बोलायला शिकवलेय," बाई म्हणाल्या, आणि गाडी वळवून थेट मुरबाड गाठले.

गॅरेजात मिस्त्री चहा पीत होते. रमेशची जीप तिथेच उभी होती. तो हसत पुढे आला. "काय काकी, कशी वाटली? चालते का नाय तेच कळत नाय ना?"

"आपण जॅक लावावा," बाई मिस्त्रींना म्हणाल्या.

"बाय, काय बिघाड..."

"आपण जॅक लावावा. दोन्ही बाजूंनी."

बाजाराचा दिवस होता. माणसे जमली. बाईंनी पर्समधून खडू काढला; निवृत्त होऊनही त्यांच्या पर्समध्ये खडू असे. एका चाकाला मी, दुसऱ्याला रमेश, खाली मिस्त्री. आम्ही चाक एकदा फिरवले. "किती?" बाईंनी विचारले. मिस्त्रींनी दांडा फडक्याने पुसला. "आपल्याला मोजता येत नाही का?"

"चारला कमी हाय, बाय."

"पूर्वी किती होते?"

"ते... चाराच्या वर होतं."

"कोणाला विचारून उतरवले?"

रमेशने हात पुसले. "काकी, मी सांगितलं त्यांना. तुमच्याच भल्यासाठी केलं. इंजिनाला आराम पडतो, पेट्रोल वाचतं. लोक पैशे देऊन असं करून घेतात. तुमी उगाच तापता."

"आपण माझ्या भल्याचे काटे बिघडवलेत," बाई म्हणाल्या. "मी किती वेगाने चाललेय हे मला कळू नये, यात माझे कोणते भले?"

"तो काटा काय, स्टिकर लावून देऊ नवा," गर्दीतला कोणी म्हणाला. "म्हातारपणी एवढा हिशेब कशाला?" आणि लोक हसले. रमेशही हसला, वाईट हेतूने नव्हे. मीही, मला नीट आठवते, हसण्यासारखे तोंड केले, कारण चारचौघांत ताण सैल करायची माझी तीच पद्धत होती.

त्या हसण्याचा मला आज संताप येतो. गाडी काकांची असती आणि काका दवाखान्यात असते, तर रमेशने एक बोल्ट सोडवण्याआधी त्यांच्या उशाशी बसून परवानगी मागितली असती. काकीला विचारायचे नसते. काकीला चकित करायचे असते. वर तिने उपकार मानायचे, आणि न मानले तर ती तापट. तिने आयुष्यभर मुलांना शिकवले की वरचे थोडेही टाकून देऊ नका, आणि तिच्याच घरच्याने ते थोडे काढून फेकले, कारण त्याला शांतता आवडत होती. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही, हा नियम ज्यांनी कोणी केला असेल, त्यांचे काम त्याने फार सोपे झाले आहे.

"माझी जोडी कुठे आहे?" बाईंनी विचारले.

पिनियन सापडले. मिस्त्रींनी ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले होते. मोठे चाक मात्र नव्हते. मिस्त्री डोके खाजवत म्हणाले, "ते शेणव्याकडच्या शाळेत दिलं, बाय. गुरुजी आले होते, शाळेला घंटा नाय म्हणाले. जाड लोखंड, आवाज चांगला. मला वाटलं, पुण्याचं काम हाय."

बाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी उजळले. "म्हणजे ते आहे."

"हाय ना. टांगलंय."

पिनियन पर्समध्ये घालून बाई निघाल्या. मी शेजारी. वाटेत मी म्हणालो, "बाई, एक सुचवू? जाऊ द्या. रमेशचा हेतू चांगला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "'जाऊ द्या' हा तुमचा चौथा गियर आहे, सर. चढ असो, उतार असो, तुम्ही त्यातच. इंजिन धडधडले, अडखळले, तरी खालचा गियर टाकायचा नाही, आवाज होईल म्हणून." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "चाक मिळाले की दोघांना परत बसवून घेते. जोडी जुळली तर गाडी माझी. नाही जुळली, तर रमेशने न्यावी. असल्या गाडीत मी परत बसणार नाही."

त्यांचे बोलणे मला तेव्हा अतिरेकी वाटले.  

शाळा दोन खोल्यांची होती, समोर एक जांभूळ, आणि जांभळाच्या फांदीला तारेने टांगलेले ते क्राउनचे चाक. खाली दगडावर एक लोखंडी कांब. खोल्यांमधून पाढ्यांचा आवाज येत होता. खिचडी शिजवणाऱ्या मावशी चुलीपाशी बसल्या होत्या; घंटा देण्याचे कामही त्याच करत. बाई त्यांना म्हणाल्या, "मी हे जरा पाहू का?"

"पाहा की. आमची घंटा हाय ती."

बाईंनी चष्मा चढवला. एका हाताने चाक स्थिर धरले आणि दुसऱ्या हाताचे बोट एकेका दातावरून फिरवू लागल्या, पाठीवर हात फिरवून मुलाची हाडे चाचपावीत तसे. अर्धा फेरा झाला, काही नाही. मी मनातल्या मनात जोडी बसलीसुद्धा म्हणू लागलो होतो. मग बोट थांबले. पुढे सरकले. पुन्हा थांबले.

"मावशी, घंटा देताना कुठे मारता?"

"इथं, दातावर." मावशींनी अभिमानाने दाखवले. "पाठीवर मारलं तर ठप्प वाजते. दातावर मारलं का लांब जातो आवाज, पार नदीपलीकडं. तिकडची पोरं पण वेळेवर येतात आता."

दोन दात टोकाशी फुटले होते. ताज्या तुटीतले राखाडी लोखंड उन्हात चमकत होते. मला त्यातले काही कळत नव्हते, पण बाईंकडे पाहून कळले. फुटक्या दातांचे चाक पिनियनवर बसवले, तर ते पिनियनला खाणार आणि स्वतःलाही.

आतून तरुण गुरुजी बाहेर आले. बाई कोण, हे मी त्यांना दोन शब्दांत सांगितले. त्यांनी घाईघाईने नमस्कार केला. "बाई, तुमची वस्तू असेल तर घेऊन जा. आमी रुळाचा तुकडा बघू कुठं मिळतो का."

मी वाट पाहत होतो, आता 'आपण' येईल. गुरुजींना, मावशींना, कोणाला तरी.  बाईंनी पर्स उघडली, फडक्यातले पिनियन काढले आणि दगडावर ठेवले. मग वाकून ती कांब उचलली.

पहिला टोला त्यांनी त्या फुटक्या दातावरच मारला. मावशींनी म्हटले होते ते खरे होते. आवाज फार लांब गेला. त्यांनी दुसरा मारला, तिसरा मारला. शाळा सुटायला अजून खूप अवकाश होता, पण मुलांना एवढेच ठाऊक होते की सलग वाजणारी घंटा म्हणजे सुट्टी. पाढा मधेच तुटला. दप्तरे खांद्यावर टाकत, एकमेकांना ढकलत ती बाहेर आली आणि आमच्या दोन्ही बाजूंनी ओरडत शेतांच्या बांधांवरून पळत सुटली. गुरुजी हात पसरून धावले. "अरे थांबा रे! सुटली नाय शाळा! बाई, अहो बाई, वेळ झाली नाय!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. डोक्यावरचा रुमाल सुटून खांद्यावर आला होता, पदर कमरेला घट्ट खोचलेला होता, आणि पटांगण रिकामे झाल्यावरही त्या दोन्ही हातांनी ते चाक बडवत होत्या.